घरचा नेम आणि वर्गाचा नियम: श्रावणी सोमवारच्या एका डब्याचं प्रकरण

गोव्यातल्या वास्को परिसरातली एक मराठी बालवाडी डोळ्यांसमोर ठेवून हे प्रकरण रचलं आहे. ते कुठल्या एका शाळेचं नाही. शिक्षिकांच्या प्रशिक्षणात चर्चेला घेता यावं म्हणून अशा वर्गांत नेहमी घडणाऱ्या गोष्टी इथे एकाच दिवसात आणून ठेवल्या आहेत. मुलांना मुद्दाम नावं दिलेली नाहीत.

पटावर २४ मुलं, वय साडेतीन ते पाच. एक टीचर, एक मदतनीस. घरची भाषा बघितली तर कोकणी ११, मराठी ५, कन्नड ५, हिंदी ३. पण भाषेवरून घर कळत नाही. कोकणी बोलणाऱ्या ११ घरांत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत आणि एक मुसलमानही आहे. कन्नड बोलणाऱ्या पाचांपैकी दोन घरं लिंगायत, म्हणजे वर्षभर शाकाहारी. बाकीच्या तिघांना मासे-मांसही चालतं. हजेरीपटावर यातलं काहीच दिसत नाही. डबा उघडला की मात्र सगळं दिसतं.

दिवस ऑगस्टमधल्या श्रावणी सोमवारचा. गोव्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. बंदी उठली की ट्रॉलर पुन्हा समुद्रात जातात, खारवी, म्हणजे मच्छीमारांच्या, वस्तीत ताजी मासळी येते आणि दोन महिन्यांनी घराघरांत तव्यावर बांगडा चढतो. नेमक्या त्याच दिवसांत शेजारच्या घरी श्रावण पाळला जात असतो. एका घरचा आनंद आणि दुसऱ्या घरचं व्रत एकाच आठवड्यात येतात, आणि साडेदहा वाजता दोन्ही एकाच चटईवर बसतात.

काय घडलं

साडेचार वर्षांच्या मुलीने डबा उघडला. आत पाव आणि तळलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा. शेजारच्या मुलाने नाक धरलं आणि मोठ्याने म्हणाला, "शी! आयज सोमार. नुस्तें खाल्यार पाप लागता." (आज सोमवार. मासे खाल्ले तर पाप लागतं.) दोघं-तिघं हसली. पलीकडच्या दोघांनी "शी, शी" असा ताल धरला. मुलीने झाकण लावलं आणि मुलाला ढकललं. त्याचा डबा उलटला, उपमा चटईवर सांडला, तो रडायला लागला.

टीचर तेव्हा हात धुवायला गेलेल्या मुलांपाशी होती. ती आली तेव्हा समोर सांडलेला उपमा आणि रडणारा मुलगा. पुढच्या चार मिनिटांत तिने तीन गोष्टी केल्या. मुलीला "सॉरी म्हण" सांगितलं. मुलाचा डबा रिकामा झाला म्हणून "सगळ्यांनी आपल्यातलं थोडं थोडं त्याला द्या, वाटून खायचं असतं" असं सांगितलं. आणि जाता जाता, "उद्यापासून डब्यात मासे नकोत."

तिन्ही गोष्टी चांगल्या मनाने केलेल्या. तिन्ही अंगाशी आल्या.

मुलीने पुढचे तीन दिवस डबा उघडलाच नाही, तसाच घरी नेला. मुलाची आजी दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली: श्रावणात मुलाला कुणाकुणाचं उष्टं खायला घातलं. मुलीच्या वडिलांनी शांतपणे विचारलं, आम्ही डब्यात काय आणायचं ते आता शाळा ठरवणार का? आणि एका कन्नड मुलाने, ज्याला त्या चार मिनिटांतलं एकही वाक्य कळलं नव्हतं, त्या आठवड्यात "शी" हा शब्द उचलला आणि दिसेल त्या डब्याला लावला. वर्गात सगळ्यात लवकर शिकला गेलेला शब्द तो.

गाठ कुठे आहे

मराठीत दोन शब्द आहेत, एकाच धातूचे: नेम आणि नियम. नेम घराचा असतो. सोमवारी शिवराक (शाकाहारी), श्रावणात मासे नाहीत, उष्टं खायचं नाही, संध्याकाळी शुभंकरोती, आंजेलुसनंतर, म्हणजे संध्याकाळच्या ख्रिस्ती प्रार्थनेनंतर, थोरांकडे बेंसांव (आशीर्वाद) मागायचा, पाहुणे आले की सलाम करायचा. नियम सगळ्यांचा असतो: मारायचं नाही, न विचारता घ्यायचं नाही, कुणाला हिणवायचं नाही. बालवाडीत मूल्यशिक्षण फसतं ते बहुतेकदा टीचर एखाद्या घरचा नेम सगळ्यांचा नियम करून टाकते तेव्हा. बहुतेक वेळा तो तिच्या स्वतःच्या घरचा नेम असतो, म्हणून तिला तो नेम आहे हे दिसतच नाही.

लहान मुलांना हा फरक कळत नाही असं समजलं जातं. तसं नाही. मानसशास्त्रज्ञ जूडिथ स्मेटाना यांनी १९८१ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध केला. नियमच नसता तर चाललं असतं का, असं विचारल्यावर अडीच-तीन वर्षांपासूनची मुलंही दुसऱ्याला मारणं आणि ठरलेल्या जागी न बसणं यांत भेद करत होती. मारणं त्यांना नियम नसतानाही वाईटच वाटत होतं. म्हणजे पाया मुलाकडे असतो. मोठी माणसं तो गढूळ करतात.

एखादी गोष्ट नेम की नियम हे टीचरला जागच्या जागी ठरवायचं असेल तर तीन प्रश्न पुरतात. यात कुणाला लागलं किंवा कुणाचं काही गेलं का? टीचरने "चालेल" म्हटलं तरी ते वाईटच राहील का? दुसऱ्या चांगल्या घरात हे वेगळ्या रीतीने करतात का? पहिल्या दोघांचं उत्तर "हो" आलं तर नियम. तिसऱ्याचं "हो" आलं तर नेम.

आता त्या सोमवारकडे पुन्हा बघा. बांगडा खाणं: नेम. सोमवारी न खाणं: नेम. "शी" म्हणून नाक धरणं: नियमाचा भंग, कारण त्याने मुलगी दुखावली. ढकलणं: नियमाचा भंग. दुसऱ्याच्या डब्यातलं न खाणं: नेम. टीचरने ढकलण्यावर बोट ठेवलं ते बरोबर. "शी"ला मात्र हातच लागला नाही, आणि दोन नेम तिने मोडायला लावले: एका घरचा मासा बंद केला, दुसऱ्याला उष्टं खायला लावलं.

"शी" का सुटलं याचंही कारण आहे. मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी १९३२ मध्ये मांडलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे: एका मुलाकडून दार उघडताना नकळत १५ कप फुटले, दुसऱ्याने चोरून मुरंबा काढताना एकच फोडला. लहान मुलं १५ कपांवाल्याला जास्त वाईट ठरवत. त्यांना नुकसान दिसतं, हेतू दिसत नाही. वर्गातल्या २४ मुलांना सांडलेला उपमा दिसला. मुलीच्या पोटात काय झालं ते दिसलं नाही. आणि टीचरही घाईत होती, म्हणून तिलाही उपमाच दिसला.

दुरुस्ती: पहिला आठवडा

पहिलं काम मुलांशी नाही, घरांशी. १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी या गावी गेल्या. बालवाडीत मुलं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. वास्कोत शिफ्टची कामं, भाड्याच्या खोल्या. प्रत्येक घरी जाणं जमेलच असं नाही. पण सुटताना न्यायला येणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं, रोज चार घरं, म्हणजे सहा दिवसांत २४ घरं होतात. प्रश्न पाचच: मूल काय खात नाही आणि कुठल्या वारी किंवा दिवसांत? थोरांना नमस्कार कसा करतं? नको आणि थांब याला घरी काय म्हणतं? चुकलं तर घरी काय करता? शाळेत कुठली गोष्ट केलेली तुम्हाला खपणार नाही?

दुभाष्या म्हणून मोठ्या भावंडाला घेऊ नये. शिस्तीच्या गोष्टी दहा वर्षांच्या ताईच्या तोंडून आईला सांगितल्या की आईचा मान जातो आणि ताई मधलं वाक्य गाळते. त्याच भाषेतली दुसरी पालक बाई चालते.

उत्तरांतून काय बाहेर येतं ते टीचरने एका पानावर लिहावं. खाण्याचा प्रश्न एकट्या श्रावणाचा नाही, हे तिथेच कळतं. ख्रिस्ती घरांत इस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांस नसतं, मुसलमान घरात डुकराचं मांस कधीच नसतं, लिंगायत घरात अंडंही नसतं. प्रत्येक घरात कुठे ना कुठे "आमच्यात हे चालत नाही" आहेच. मुलांना हेच सांगायचं असतं.

चार नियम आणि बारा शब्द

चारच नियम ठेवावेत. साडेतीन वर्षांच्या मुलाला सात नियम म्हणजे एकही नाही. हात मदतीला, मारायला नाही. विचारून घ्यायचं. "नको" म्हटलं की थांबायचं. दुसऱ्याच्या डब्याला, नावाला, बोलण्याला "शी" नाही. प्रत्येकाचं एक चित्र, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साधारण तीन फुटांवर. चित्रात कुठल्याही धर्माची खूण नको. नुसते हात आणि डबा पुरे.

चार नियम चार भाषांत कुणी पाठ करू नयेत. त्याऐवजी तीन शब्द चार भाषांत, म्हणजे बारा, टीचर आणि मदतनीस दोघींना यायला हवेत: नको, थांब, लागलं. "नको"ला कोकणीत "नाका", कन्नडमध्ये "बेड", हिंदीत "नहीं चाहिए". मुलाने यातलं काहीही म्हटलं तरी समोरच्याने थांबायचं, ही सवय रोज दोन मिनिटांच्या खेळातून लावायची. दोघं समोरासमोर, एक हळूहळू चालत येतो, दुसरा त्याच्या घरच्या भाषेत "नको" म्हणतो, पहिला जागीच थिजतो. मग बदली. कन्नड मुलाचं "बेड" सगळा वर्ग पाळतो, हे त्या मुलाला पहिल्यांदा दिसतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

डबा ज्याचा त्याचा

वाटून घेणं हे मूल्य डब्यावर शिकवायचं नाही. आपल्याकडे अन्नाला उष्टं, सोवळं, शिवराक, हलाल असे इतके पदर आहेत की तिथे "वाटून खा" म्हणणं म्हणजे २४ घरांत एकदम हात घालणं. डब्याच्या वेळी नियम उलटा: डबा ज्याचा त्याचा. प्रत्येकासमोर आपला रुमाल, त्यावर आपला डबा. सहा-सहा मुलांचे चार गट, मोठी माणसं दोन. प्रत्येकीने दोन गटांमध्ये, मुलांकडे तोंड करून बसायचं. हात धुवायला सगळ्यांनी एकदम जायचं नाही. त्या सोमवारी टीचर नळावर अडकली ती त्यामुळेच.

वाटप शिकवायला दुसरी वस्तू हवी. सहा केळी, प्रत्येकाचे चार तुकडे, २४ मुलांना एकेक. बहुतेक उपासांना चालतं, कुणाच्या नेमात खोट येत नाही, आणि साडेतीन वर्षांच्या घशात अडकण्याची भीती अख्ख्या द्राक्षापेक्षा कितीतरी कमी. रोज चार मुलं वाढपी, चिमट्याने वाढायचं, हाताने नाही. चिमटा आला की उष्ट्याचा प्रश्नच उरत नाही. सहा दिवसांत प्रत्येकाची पाळी येते. वाढप्याने स्वतःचा तुकडा शेवटी घ्यायचा. पहिल्या दोन दिवसांत कुणीतरी मोठा तुकडा आपल्यासाठी बाजूला ठेवतं. तेव्हा ओरडायचं नाही. "सगळ्यांना पुरला का, मोजू या" एवढं म्हणायचं.

दुसरी वस्तू माती. मैद्यात मीठ घालून मळलेला गोळा पुस्तकांत सुचवलेला असतो, पण इथे तो दोन कारणांनी फसतो. पावसाळ्यात मीठ हवेतला ओलावा ओढतं आणि दुसऱ्या दिवशी गोळा चिकट होतो. शिवाय बऱ्याच घरांत अन्नाशी खेळायचं नसतं. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी चिकणमाती सहज मिळते. चार मुलांत अर्धा किलोचा एकच गोळा आणि एकच लाटणं ठेवायचं, जेणेकरून मागावं लागेल. पाळी दोन मिनिटांची, वाळूचं घड्याळ समोर. पाच मिनिटांची पाळी ठेवली की साडेतीन वर्षांचं मूल हिसकावतंच. दोष मुलाचा नसतो, घड्याळाचा असतो.

"सॉरी"च्या जागी

सांगून म्हटलेलं "सॉरी" मुलाला एकच शिकवतं, की हा शब्द टाकला की सुटका होते. त्याऐवजी तीन पायऱ्या. आधी दाखवणं: "तिच्याकडे बघ. तिने झाकण लावलं. तिला काय झालं असेल?" मग विचारणं, ज्याला लागलं त्याला: "तुला काय हवंय?" मग करणं: पाणी आणणं, चटई पुसायला हात लावणं, थोडं लांब सरकून बसणं. एका भांडणाला दोन मिनिटं पुरतात. दोघांची दुरुस्ती व्हायला हवी, ढकलणाऱ्याचीही आणि "शी" म्हणणाऱ्याचीही, आणि आधी "शी"ची, कारण ती आधी घडली. मुलगी उपमा पुसायला मदत करेल. मुलगा तिचा डबा तिच्यासमोर परत ठेवेल.

"पाप" या शब्दाला काय उत्तर द्यायचं, इथे बहुतेक टीचर अडतात. "असं काही पाप नसतं" म्हटलं तर मुलाची आजी खोटी पडते, आणि ते आपल्या हातात नाही. गप्प राहिलं तर मुलगी पापी ठरते. म्हणायचं ते असं: "तुमच्या घरी सोमवारी नुस्तें खात नाहीत. तो तुमच्या घरचा नेम. तुझ्या डब्याला तुझ्या घरचा नेम, तिच्या डब्याला तिच्या घरचा." एवढंच. साडेचार वर्षांच्या मुलाला ते पुरतं. पुढे "मग देव कोणाला रागावतो?" असं विचारलं, तर "ते आजीला विचार, ती छान सांगेल" म्हणावं. देवाचा प्रश्न घराचा आहे. राज्यघटनेच्या २८व्या कलमानुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीविना धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. पापपुण्याची शिकवण वर्गात न देण्याला हाही आधार आहे.

गोष्टी आणि बाहुल्या

मराठी बालवाडीत मूल्य म्हटलं की ससा, कासव, कोल्हा हजर होतात. गोष्ट म्हणून त्या सुंदरच आहेत, सांगाव्यात. पण त्यांच्याकडून वागणं बदलेल ही अपेक्षा जास्तीची आहे. टोरांटोतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट माणसांची पात्रं घालून आणि माणसासारखे वागणारे प्राणी घालून ऐकवली. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर जास्त वाटलं. प्राण्यांच्या गोष्टीने तो फरक पडला नाही. भीतीचंही तसंच. २०१४ च्या एका अभ्यासात "लांडगा आला रे आला" ऐकून तीन ते सात वर्षांची मुलं जास्त खरं बोलू लागली नाहीत. खरं बोलल्याबद्दल कौतुक होतं अशी गोष्ट ऐकून बोलली.

म्हणून दोन कापडी बाहुल्या, दीड फुटाच्या, माणसांच्या. नावं वर्गातल्या कुणाची नकोत. बाहुलीला एक घर, एक आवड, एक अडचण द्यायची. अडचण डब्याचीच, पण माशाची नाही: बाहुलीच्या डब्यात नाचणीची भाकरी आहे आणि कुणीतरी तिच्या काळ्या रंगाला हसलं. दहा मिनिटांच्या वर नाही. प्रश्न "कोण चुकलं?" हा नको, "तिच्या पोटात काय होत असेल?" आणि "आता आपण काय करू शकतो?" हे दोन. भांडणाच्या दिवशी बाहुली काढू नये, किमान तीन दिवस जाऊ द्यावेत. नाहीतर सगळा वर्ग त्या मुलीकडेच वळून बघतो आणि बाहुली तिची चावडी होते.

चांदण्यांचा तक्ता

या वर्गात भिंतीवर चांदण्या चिकटवायचा "शहाण्या मुलांचा तक्ता" होता, तो काढून ठेवायला लागला. मानसशास्त्रज्ञ मायकेल टोमासेलो आणि फेलिक्स वार्नेकेन यांनी २००८ मध्ये दाखवलं की मदत केल्यावर वस्तूचं बक्षीस मिळालेली २० महिन्यांची बाळं पुढे कमी मदत करतात. इथे अजून एक अडचण होती, जास्त दुखणारी. चांदणी मिळते टीचरची सूचना आधी समजणाऱ्याला. मराठी-कोकणी मुलांच्या ओळी भरलेल्या, कन्नड-हिंदीच्या रिकाम्या. भिंत रोज सांगत होती की अमुक भाषेची मुलं शहाणी. त्याऐवजी घडलेलं तोंडाने सांगावं: "तू त्याला पाणी आणून दिलंस, त्याचं रडू थांबलं." "शाब्बास, गुणी बाळ" यापेक्षा हे मुलाला जास्त कळतं, कारण त्यात त्याने काय केलं ते आहे.

आजी, वडील आणि मदतनीस

आजींचा प्रश्न सरळ होता: "आमी भुरग्याक वायट शिकयलां काय?" (आम्ही मुलाला वाईट शिकवलं का?) उत्तरही सरळ हवं: "नाही आजी. तुमचा नेम त्याने पाळायलाच हवा, शाळा त्याला मोडू देणार नाही. दुसऱ्याचा डबा त्याला खायला लागला ही आमची चूक झाली. एवढंच की दुसऱ्याच्या डब्याकडे बघून 'शी' नको. ते तुम्ही सांगितलंत तर तो माझ्यापेक्षा लवकर ऐकेल." चूक कबूल करणं आधी, मागणं नंतर. हा क्रम उलटा झाला की आजी फक्त मागणं ऐकतात.

मुलीच्या वडिलांना: "मासे आणू नका असं म्हटलं ते मागे घेतलं आहे. काटे काढून, कोरडा तुकडा आणा, बाकी तुमच्या घरचं तुम्ही ठरवा." आणि हे सगळ्या पालकांसमोर, दाराशी, पुन्हा एकदा सांगायचं, कारण बंदी सगळ्यांसमोर झाली होती.

मदतनीसबाई स्वतः श्रावण पाळत होत्या आणि डबा धुताना पदराने नाक धरत होत्या. मुलाने नाक धरणं कुठून घेतलं ते शोधायला लांब जायची गरज नव्हती. सोमवारी मुलीच्या गटाचे डबे टीचरने पुसायचे, मदतनीसबाईंनी पलीकडचे, असं ठरवलं की त्यांचाही नेम राहतो आणि मुलीचाही मान.

मोजणी आणि पुढे

डब्याच्या वीस मिनिटांत एका कागदावर तीन रेघा माराव्यात: हिसकावणं किंवा मारणं किती वेळा, मुलाने स्वतः "नको" कुठल्याही भाषेत किती वेळा म्हटलं, मोठ्या माणसाला किती वेळा मध्ये पडावं लागलं. आठवड्यातून दोन दिवस, सहा आठवडे. पहिल्या दोन आठवड्यांत दुसरी रेघ खूप वाढते आणि वर्ग बिघडल्यासारखा वाटतो, कारण नवीन शब्द मुलं जिथे तिथे लावून बघतात. तिथे घाबरून पद्धत बदलू नये. तिसरी रेघ कमी व्हायला लागली की बरं चाललंय असं समजावं. चवथीच्या सुटीनंतर दोन दिवस सगळं पहिल्यापासून करावं लागतं, तेवढे दिवस नवीन काही काढू नये.

या प्रकरणात एक गोष्ट उघडीच राहते. मुलीने चौथ्या दिवशी डबा उघडला, पण सोमवारी तिची आई आता जॅम-पाव देते. टीचरने तिला "मासे द्या ना" असा आग्रह करायचा नाही. तो घराचा निर्णय आहे. नोंदवहीत तेवढं लिहून ठेवायचं, आणि श्रावण संपल्यावरच्या पहिल्या सोमवारी डब्यात काय आलं ते बघायचं.